उचलले, पण आपटले नाही



ऑलिंपिक स्पर्धा बहुधा आपल्या चातुर्मासातच येतात. २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक २६ जुलैला सुरू झाले आणि ११ ऑगस्टला संपले. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेक घरांत सकाळी प्रवचन आणि दुपारनंतर दूरदर्शनसमोर बैठक, असा दिनक्रम होता. सकाळी मान हा कषाय आत्म्याला कसा बांधतो, हे ऐकायचे आणि सायंकाळी विजेत्याच्या गळ्यातील पदक पाहून टाळ्या वाजवायच्या, यात काही विसंगती नाही काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. ज्या धर्माचे नावच ‘जिन’ या शब्दावरून आले, त्या धर्माने जय कशाला म्हणावे, याचा विचार पूर्वीच करून ठेवला आहे. मग बाहेरच्या जगातील या सर्वांत मोठ्या जयोत्सवाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे?

उत्तरासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या पुराणपरंपरेच्या आरंभीच एक स्पर्धा उभी आहे.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील भरत-बाहुबलींचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही त्यातील एका तपशिलाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. दिग्विजय करून परतलेल्या भरतांचे चक्ररत्न अयोध्येच्या वेशीवर थांबले, कारण सगळी पृथ्वी जिंकली तरी भाऊ नमले नव्हते. इतर भावांनी राज्याचा मोह सोडून दीक्षा घेतली. पोदनपूरच्या बाहुबलींनी मात्र मान झुकवण्यास नकार दिला. दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. तेव्हा दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनी विचार केला, की हे दोघे बंधू चरमशरीरी आहेत. त्यांना रणात मृत्यू नाही. मरतील ते केवळ सैनिक. म्हणून सैन्यांचा संहार टाळून दोघांनीच आपसांत बळ अजमावावे, असे ठरले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन स्पर्धा झाल्या. श्वेतांबर ग्रंथांत या स्पर्धांची संख्या व तपशील थोडे निराळे आहेत, पण गाभा एकच आहे.

बाहुबली तिन्ही स्पर्धा जिंकले. शेवटच्या मल्लयुद्धात त्यांनी भरतांना दोन्ही हातांनी उचलले. पण आपटले नाही. ज्येष्ठ बंधूचा मान त्यांनी राखला.

कथा येथेच संपली असती, तर ती खिलाडूवृत्तीची एक सुंदर कथा ठरली असती. पण पुराणकारांनी पुढचे सत्यही लपवले नाही. नियमाने हरलेल्या भरतांना ती हार सोसवली नाही. त्यांनी नियम मोडून भावावर चक्र सोडले. चक्राने बाहुबलींना प्रदक्षिणा घातली आणि ते निस्तेज होऊन थांबले. म्हणजे स्पर्धेने दोन सैन्ये वाचवली, रक्तपात टळला, हे तिचे मोठेच यश होते. परंतु वैर तिने संपवले नाही. ते संपले जिंकलेल्याने जिंकलेले सारे सोडून दिले तेव्हा. स्पर्धा शस्त्राची जागा घेऊ शकते, परंतु मनातील वैराची जागा तिला आपोआप घेता येत नाही. तेवढे काम खेळणाऱ्यालाच करावे लागते. ऑलिंपिकचा जवळजवळ तीन हजार वर्षांचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो.

ग्रीस देशातील ऑलिंपिया येथील स्पर्धांची पहिली नोंद इ.स.पू. ७७६ ची मानली जाते. सुमारे १९२ मीटरच्या धावण्याच्या शर्यतीत एलिस येथील कोरोइबस हा पहिला ठरला, असे परंपरा सांगते. विजेत्याच्या मस्तकावर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट ठेवला जाई. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाला तेथे काहीही मिळत नसे. स्पर्धांच्या आधी दूत गावोगाव जाऊन पवित्र संधीची घोषणा करीत. या संधीमुळे ग्रीक राज्यांमधील सगळी युद्धे थांबत असत, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तिचा हेतू मर्यादित होता. खेळाडू आणि यात्रेकरू यांना शत्रूच्या प्रदेशातून सुखरूप जाता-येता यावे आणि ऑलिंपियावर कोणी चाल करू नये, एवढेच तिचे कार्य. इ.स.पू. ३६४ मध्ये तर स्पर्धा चालू असतानाच त्या पवित्र आवारात एलिस व आर्केडिया यांच्या सैन्यांची प्रत्यक्ष लढाई झाली.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या वाचकांना टाळून पुढे जाता येणार नाही. उत्सवाच्या मध्यावर झ्यूस देवाच्या वेदीपुढे शंभर बैलांचा बळी दिला जाई. ज्या भूमीने माणसामाणसांतील हिंसेला काही काळ आवर घातला, तिला मुक्या जीवांची वेदना दिसली नाही. हे सांगताना त्या लोकांना कमी लेखण्याचा हेतू नाही. करुणेची सीमा कोठवर आखायची, हा प्रश्न प्रत्येक संस्कृतीपुढे असतो आणि प्रत्येक संस्कृतीची सीमा कोठेतरी अपुरी पडते.

फसवणूकही तेव्हापासूनच आहे. इ.स.पू. ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे देऊन विजय विकत घेतला. ते उघडकीस आल्यावर सर्व दोषींना दंड झाला आणि त्या दंडाच्या रकमेतून झ्यूसच्या काशाच्या मूर्ती उभारल्या गेल्या. पुढे दंडांच्या पैशांतून अशा मूर्ती वाढत गेल्या. त्या उभारल्या होत्या क्रीडांगणाकडे जाणाऱ्या वाटेवर, प्रत्येक खेळाडूला आत शिरताना दिसतील अशा. विजय पायांच्या वेगाने व देहाच्या बळाने मिळवावा, धनाने नव्हे, असा बोध त्यांवर कोरलेला होता. त्या मूर्तींचे चौथरे आजही तेथे पाहावयास मिळतात.

फ्रान्सच्या पिएर द कुबर्तँ यांनी १८९४ साली पॅरिसमध्ये परिषद भरवून या स्पर्धांचे पुनरुज्जीवन केले आणि १८९६ मध्ये अथेन्स येथे पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले. राष्ट्रांतील तरुण मैदानावर भेटले, तर रणांगणावर भेटण्याची त्यांना गरज उरणार नाही, अशी त्यांची आशा होती. ती पुरती फळली नाही. १९१६, १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके महायुद्धांमुळे झालीच नाहीत. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या राजवटीने हाच उत्सव आपल्या वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी वापरला. ऑलिंपियाहून ज्योत आणण्याची आज आपल्याला रम्य वाटणारी प्रथा त्याच वर्षी सुरू झाली. १९७२ मध्ये म्युनिकला इस्रायलच्या संघातील अकरा जणांचा दहशतवाद्यांनी बळी घेतला. १९८० मध्ये अमेरिकेने व तिच्या अनेक मित्रराष्ट्रांनी मॉस्कोवर, तर १९८४ मध्ये सोव्हिएत संघ व त्याच्या साथीदारांनी लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑलिंपिक संधीचे आवाहन नव्याने केले. तरीही ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये उद्घाटनाचा सोहळा होत असताना रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध पेटले होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. तसे मला वाटत नाही. कारण याच इतिहासात, राज्यकर्त्यांना जे जमले नाही, ते काही खेळाडूंनी करून दाखवले आहे.

त्याच बीजिंगमध्ये, युद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले असता, महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत रशियाच्या नतालिया पादेरिना यांना रौप्य आणि जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे यांना कांस्य पदक मिळाले. दोघींची सैन्ये एकमेकांवर तोफा डागत होती. त्या दोघींनी विजयमंचावर एकमेकींना आलिंगन दिले. बर्लिनमध्ये १९३६ साली लांब उडीत अमेरिकेच्या कृष्णवर्णीय जेसी ओवेन्स यांनी सुवर्ण जिंकले, तेव्हा हिटलरच्या देखत त्यांचे पहिले अभिनंदन करणारा खेळाडू होता त्यांच्याकडून हरलेला जर्मन, लुत्स लाँग. हाच लाँग पुढे १९४३ मध्ये महायुद्धात सिसिलीमध्ये मरण पावला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या शर्यती बुसान येथे झाल्या. तेथे कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू एका शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होते. वादळी वाऱ्यात दुसऱ्या शर्यतीतील सिंगापूरचे दोन नाविक पाण्यात पडलेले त्यांना दिसले. त्यांनी आपली नौका वळवली, दोघांना पाण्याबाहेर काढले, मदतीची बोट येईपर्यंत ते थांबले आणि मग आपली शर्यत पूर्ण केली. पंचांनी त्या शर्यतीतील त्यांचे दुसरे स्थान कायम केले. पदक मात्र त्यांना मिळाले नाही. त्या वर्षी त्या प्रकारात पदके कोणी जिंकली, हे आज फार थोड्यांना आठवते. लेम्यू यांचे नाव मात्र मागे राहिले.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण पॅरिसचे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी भालाफेकीत पाकिस्तानच्या अर्शद नदीम यांनी ९२.९७ मीटरची फेक करून सुवर्ण घेतले आणि आपल्या नीरज चोप्रा यांना ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले. त्या वेळी नीरज यांच्या मातोश्रींनी सुवर्ण मिळवणाराही आपलाच मुलगा आहे, असे सांगितले. नदीम यांच्या मातोश्रींनीही नीरजला मुलासारखे म्हटले. दोन्ही देशांत त्या उद्गारांचे कौतुक झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध माणसांची निर्घृण हत्या झाली. नीरज यांनी आपल्या स्पर्धेचे निमंत्रण नदीम यांना त्यापूर्वीच पाठवले होते. पण लोकांचा क्षोभ त्यांच्यावर उसळला आणि ज्या मातेचे वर्षापूर्वी कौतुक झाले होते, तिलाही त्याच उद्गारांसाठी दूषणे ऐकावी लागली. शोक आणि संताप खरे होते, याविषयी दुमत नाही. कोणाला बोलवावे व कोणाला नाही, हा राष्ट्राच्या धोरणाचा विषय आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण एका आईच्या वात्सल्यावर शब्दांचे चक्र सोडणे, हे भरतांच्या त्या क्षणाहून निराळे नाही. अंतर एवढेच, की चक्र सोडणारे आता प्रेक्षकही असतात.

प्रेक्षकांचा विषय निघालाच आहे, तर आता आपल्या घरात डोकावले पाहिजे.

आपण पदकांकडे कसे पाहतो? १८९६ मध्ये विजेत्याला रौप्यपदक दिले जाई. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही उतरंड १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकपासून सुरू झाली. माणसाने केलेली ही व्यवस्था माणसाच्याच मनाला कशी बांधते, याचा एक सुंदर अभ्यास मेडवेक, मॅडी आणि गिलोविच या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील विजेत्यांच्या चेहऱ्यांच्या ध्वनिचित्रफिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि त्या चेहऱ्यांवरील आनंदाला दहापैकी गुण देण्यास सांगितले. निकाल कळला त्या क्षणी तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना सरासरी ७.१ गुण मिळाले. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना केवळ ४.८. ज्याचे यश मोठे, त्याचा आनंद लहान. दुसरा वर पाहून ‘सुवर्ण हुकले’ असे म्हणतो. तिसरा खाली पाहून ‘पदक तरी मिळाले’ असे म्हणतो. आपल्या शास्त्रांनी मान कषायाविषयी जे सांगितले, त्याचेच हे प्रयोगशाळेतील रूप होय. दुःख पदकात नसते, तुलनेत असते.

याउलट १९३६ च्या बर्लिनमधील दोन जपानी खेळाडू पाहा. बांबूउडीत शुहेई निशिदा आणि सुएओ ओए यांनी ४.२५ मीटरची सारखीच उंची गाठली. दुसरे स्थान ठरवण्यासाठी एकमेकांविरुद्ध आणखी उड्या मारण्यास दोघांनी नकार दिला. नोंदीत निशिदा यांना रौप्य व ओए यांना कांस्य मिळाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी दोन्ही पदके मधोमध कापून घेतली आणि अर्धे रौप्य व अर्धे कांस्य अशी दोन पदके जोडून करवली. आजही ती मैत्रीची पदके म्हणून ओळखली जातात.

आपल्या घरी दहावी-बारावीचे निकाल लागतात, तेव्हा ब्याण्णव टक्के मिळवलेले मूल शेजारच्या पंच्याण्णव टक्क्यांमुळे रडते, हे आपण पाहतो आणि बहुधा समजूत घालण्याऐवजी त्या तीन टक्क्यांचा हिशेब मागतो. एवढेच नव्हे, तर तुलनेची ही सवय आपण धर्मक्षेत्रातही आणली आहे. पाठशाळेत सूत्रे कोणाला किती पाठ आहेत, याच्या स्पर्धा होतात. बोली कोणी किती रकमेची लावली, याची घरोघर चर्चा होते. पर्युषणात कोणाची अठाई, कोणाचे मासखमण, याची छायाचित्रे फलकांवर झळकतात. तपस्वींची अनुमोदना हा आपला जुना व योग्य रिवाज आहे. तो सोडावा, असे मी म्हणत नाही. पण अनुमोदना कोठे संपते आणि क्रमवारी कोठे सुरू होते, हे आपण तपासायला हवे. निर्जरेसाठी केलेल्या तपाला दुसऱ्या क्रमांकाची खंत चिकटली, तर जे कर्म झाडायचे तेच नव्याने बांधले जाते.

मग मुलांना खेळू द्यायचे नाही काय? अवश्य खेळू द्यावे. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन घरांना तालीम आणि आखाडा परका नाही. त्याच मातीतील एक थोर उदाहरण साऱ्या महाराष्ट्राचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास पुढे बहात्तर वर्षे लागली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये नेमबाजीत ते मिळवले. खाशाबांच्या गळ्यातील त्या पदकात गहाण पडलेल्या एका घराचाही वाटा होता. तत्त्वार्थसूत्रकारांनी जीवांचे कार्य सांगताना एकमेकांवर उपकार करणे, असे म्हटले आहे. त्या उपकारकर्त्यांत प्रतिस्पर्धीही येतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. समोरचा मल्ल नसेल तर आपले बळ आपल्यालाच कळणार नाही. ज्याने आपल्याला हरवले, त्याने आपली उणीव कोणतेही शुल्क न घेता दाखवून दिली.

श्रवणबेळगोळ येथे चामुंडरायांनी दहाव्या शतकात घडवलेली सत्तावन्न फुटांची मूर्ती आपण पाहिली आहे. आपल्या कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रीही तेच रूप उभे आहे. या मूर्तींमध्ये बाहुबलींनी भरतांना उचलल्याचा क्षण कोणीही कोरला नाही. खरे तर शिल्पकाराला आव्हान देणारा तोच क्षण. बाहूंचे बळ तेथेच दिसले असते. शिल्पकारांनी निवडला तो त्यानंतरचा काळ. दोन्ही हात खाली सोडलेले, मुठीत काही नाही आणि अंगावर वेली चढलेल्या. तीन स्पर्धा जिंकणाऱ्याची ओळख समाजाने अशी जपली.

म्हणून एक छोटी विनंती. या वर्षी आपल्या पाठशाळेत, शाळेत वा मैदानावर मूल स्पर्धेतून परत आले, तर “कितवा आलास?” हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न “तुझ्याबरोबर कोण होते, आणि त्यांचे काय चांगले झाले?” असा असावा. आणि क्षमापनेच्या दिवशी नातलगांना व शेजाऱ्यांना हात जोडताना, ज्याच्याशी वर्षभर आपली स्पर्धा चालली, त्या एका व्यक्तीचाही दरवाजा ठोठवावा. व्यापारातील प्रतिस्पर्धी असो, संस्थेच्या निवडणुकीत समोर उभा राहिलेला असो, की मुलाच्या वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे आईवडील असोत. नातलगांना क्षमा मागणे सोपे असते. या दारापर्यंत चालत जाणे थोडे कठीण जाईल, पण ते जमले तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागणार नाही.